मौलवी अब्दुल हक यांची औरंगाबादची पंचवीस वर्षे

औरंगाबादचा बीबी-का-मकबरा पाहावयास जाणारा मनुष्य बहुधा घुमटाकडे दृष्टी लावूनच आत शिरतो. ताजमहालाशी त्याची तुलना करतो, दोन शब्द कौतुकाचे आणि एखादा उणेपणाचा बोलून परततो. भोवतालच्या बागेकडे निरखून पाहणारे थोडेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच बागेच्या आवारात एक विद्वान गृहस्थ राहत असत. त्यांच्या मेजासमोर मोठी खिडकी होती. मेजावर जुन्या हस्तलिखितांचे ढीग पडलेले असत आणि खिडकीबाहेर नामदेव नावाचा एक माळी काम करीत असे. तो रोपाशेजारी बसे, आळे साफ करी, पाणी घाली, मग चार पावले मागे सरून रोपाकडे पाही, पुन्हा जवळ येई. लिहिता लिहिता मान वर करून हे गृहस्थ त्याच्याकडे पाहत राहत.

ते गृहस्थ म्हणजे मौलवी अब्दुल हक. उर्दू जगताने त्यांना ‘बाबा-ए-उर्दू’, म्हणजे उर्दूचे पितामह, ही पदवी दिली. उर्दूच्या या पितामहाचे आयुष्यातील बहुतेक मोठे काम दिल्लीस किंवा लखनौस झाले नाही. ते मराठी मुलखात, औरंगाबादेस झाले. ज्या शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, त्या शहराच्या इतिहासातील हे पान मराठी माणसाने अवश्य चाळावे असे आहे.

अब्दुल हक यांचा जन्म १८७० साली, मेरठजवळच्या हापुड भागातला. शिक्षण अलीगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात झाले व १८९४ मध्ये ते बी. ए. झाले. त्या काळचे अलीगढ म्हणजे विद्वानांचा मेळाच होता. सर सय्यद अहमद खान हयात होते. अरबी-फारसी शिकवावयास शिबली नोमानी यांच्यासारखा पंडित होता आणि तत्त्वज्ञान शिकवावयास टॉमस आर्नल्ड यांच्यासारखा इंग्रज अध्यापक होता. अरबीची जुनी शिस्त आणि पाश्चात्त्य संशोधनाची नवी दृष्टी या दोहोंचे संस्कार तेथे एकाच वेळी होत. पदवी घेऊन हा तरुण निजामाच्या राज्यात आला. हैदराबादेस त्याने शाळा चालविली, ‘अफसर’ नावाच्या मासिकाचे संपादन केले. आणि पुढे शाळांचा तपासनीस म्हणून औरंगाबादेस त्याची नेमणूक झाली. शाळातपासनीसाची नोकरी म्हणजे टांग्यातून धुळीच्या रस्त्याने हिंडावे, हजेरीपट तपासावे आणि शेरे लिहावेत. अशा नोकरीत पुष्कळांची विद्या गंजून जाते. येथे मात्र उलट घडले.

१९०३ साली ‘अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू’, म्हणजे उर्दूच्या उत्कर्षासाठी मंडळी, अशी एक संस्था निघाली होती. आर्नल्ड तिचे पहिले अध्यक्ष व शिबली पहिले चिटणीस. नावे एवढी मोठी, पण काम फारसे पुढे सरकले नाही. १९१२ मध्ये चिटणीसपद अब्दुल हक यांच्याकडे आले आणि पुढच्याच वर्षी संस्थेचे कार्यालय औरंगाबादेस हलले. सांगतात की, संस्थेची सारी मिळकत म्हणून त्यांच्या हाती पडली ती एक जुनीपुराणी पेटी, तीत एक वही आणि काही कागद. त्या पेटीपासून प्रारंभ करून १९३८ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, ही संस्था औरंगाबादेतून चालली. तिने छापखाना घातला, ग्रंथमाला काढली, १९२१ पासून ‘उर्दू’ हे त्रैमासिक आणि १९२८ पासून ‘सायन्स’ नावाचे शास्त्रीय नियतकालिक चालविले. सरकारी नोकरी सांभाळून, देणग्यांसाठी दारोदार पत्रे लिहून आणि स्वतःच्या पगारातून भर घालून हे काम चालले होते. पुढे ते औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजचे प्राचार्य झाले व त्यानंतर उस्मानिया विद्यापीठात उर्दूचे प्राध्यापक. पण अंजुमनचा संसार काही सुटला नाही.

१९१४ साली त्यांनी ‘कवाइद-ए-उर्दू’ हे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यापूर्वीचे पुष्कळ व्याकरणकार उर्दूला अरबीच्या साच्यात बसवीत. शब्दांचे वर्ग अरबीप्रमाणे, परिभाषा अरबी, नियमही तेथूनच आणलेले. अरबी न शिकता उर्दूचे व्याकरण समजणे दुरापास्त होई. अब्दुल हक यांनी रोखठोक सांगितले की, अरबी ही सेमिटिक कुळातली भाषा आहे आणि उर्दू ही हिंदुस्थानच्या भूमीत उपजलेली आर्यकुलातील भाषा आहे. तिच्यात अरबी शब्द कितीही असोत, तिचा सांगाडा येथला आहे. क्रियापदे येथली, विभक्तिप्रत्यय येथले, वाक्याची ठेवण येथली. तेव्हा तिचे नियम तिच्याच पोटातून काढले पाहिजेत. अरबीचा अभ्यास केलेल्या माणसाने हे म्हणावे याला विशेष अर्थ आहे. अज्ञानाने अरबीला दूर सारणे सोपे. तिचे सामर्थ्य ओळखून तिला तिच्या जागी बसविणे कठीण.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी कोंकणीचे व्याकरण लिहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली राचोल येथे छापले गेले. त्या थोर पुरुषाचे भाषाप्रेम निर्विवाद आहे, पण व्याकरणाची चौकट त्यांनी आपल्या ओळखीच्या लॅटिनचीच घेतली. मराठीचे व्याकरण संस्कृतच्या चौकटीत बसवावे की नाही हा वाद तर कित्येक पिढ्या चालला. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे आणि अब्दुल हक यांचे व्याकरण १९१४ चे. दोघांपुढचा पेच एकच होता.

अंजुमनच्या कामातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे जुन्या ग्रंथांचे संशोधन. उर्दू वाङ्मयाचा आरंभ दिल्लीत झाला अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. त्याच्या कितीतरी आधी गोवळकोंडा, विजापूर, गुलबर्गा या दक्षिणेतल्या ठिकाणी दखनी भाषेत काव्ये व गद्यग्रंथ लिहिले गेले होते. परंतु ते घराघरांतल्या पेट्यांत, दर्ग्यांच्या कोठड्यांत वाळवीच्या तोंडी पडले होते. अब्दुल हक ते हुडकून काढू लागले. हे काम किती किचकट असते याची कल्पना मोडी दप्तरे चाळलेल्या माणसाला येईल. अरबी-फारसी लिपीत एकाच आकाराची अनेक अक्षरे केवळ टिंबांनी ओळखावयाची. घाईने लिहिणारा लेखनिक ती टिंबे देतच नाही, किंवा भलतीकडे देतो. ऱ्हस्व स्वर लिहिलेले नसतात. त्यातून शब्द तीनशे वर्षांपूर्वीचे, दखनी उच्चाराचे. एका प्रतीत ओळ गळलेली, दुसरीत पानच नाहीसे झालेले. प्रती ताडून पाहाव्यात, शंका लिहून ठेवाव्यात, पुन्हा पहिल्या प्रतीकडे वळावे, असे ते काम.

गोवळकोंड्याच्या मुल्ला वजही याचा १६३५ सालचा ‘सबरस’ हा गद्यग्रंथ त्यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केला. वजहीचेच ‘कुत्ब मुश्तरी’ हे १६०९ चे काव्य त्यांनी संपादिले. १६१६ साली राचोलला ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. म्हणजे दक्षिणेच्या एका भागात मराठी ओवीला नवा विषय मिळत असताना दुसऱ्या भागात दखनी मसनवी आकार घेत होती. मीर तकी मीर याचे फारसी आत्मचरित्र ‘जिक्र-ए-मीर’ आणि औरंगाबादच्याच लक्ष्मीनारायण ‘शफीक’ याने १७६१ च्या सुमारास रचलेला कविचरित्रांचा कोश ‘चमनिस्तान-ए-शुअरा’ हे दोन्ही ग्रंथ १९२८ मध्ये औरंगाबादेतून निघाले. या शफीकाने पुढे मराठ्यांचा इतिहासही फारसीत लिहिला. हिंदू घरात जन्मलेला, फारसी-उर्दूत पारंगत आणि मराठ्यांच्या कारभाराची माहिती असलेला असा हा माणूस त्या काळच्या औरंगाबादेत अपवाद समजला जात नसे.

या दखनीची गोडी मराठी वाचकास वेगळीच लागेल. तिच्यात जोर देण्यासाठी शब्दाला ‘च’ लागतो, तो मराठीचाच ‘च’. ‘नको’ हा शब्द हैदराबादेत ‘नक्को’ होऊन आजही कानी पडतो. दिल्लीकरांना हे प्रयोग गावंढळ वाटत. अब्दुल हक यांना त्यांत भाषेचे बालपण दिसले.

त्यांच्या संशोधनात चुका नव्हत्या असे नाही. ‘मेराज-उल-आशिकीन’ ही छोटी पुस्तिका त्यांनी गुलबर्ग्याचे संत ख्वाजा बंदेनवाज यांची म्हणून छापली आणि उर्दू गद्याचा आरंभ थेट पंधराव्या शतकाच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवला. कित्येक वर्षे विद्यार्थी तसेच पाठ करीत राहिले. पुढील संशोधकांनी ते कर्तृत्व अमान्य केले व पुस्तिका बरीच अलीकडची ठरविली. पहिली वाट पाडणाऱ्याच्या पायांत काटे मोडावयाचेच.

१९३३ साली त्यांचे आणखी एक पुस्तक निघाले, ‘मराठी जबान पर फारसी का असर’. मराठी मुलखात राहून आपल्या शेजारणीच्या भाषेकडे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडले नाही. हा विषय तेव्हा आपल्याकडे तापलेला होता. शिवछत्रपतींच्या काळी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला तेव्हापासून फारसी शब्द ठेवावेत की टाकावेत हा विचार मराठीत चालू आहे. माधवराव पटवर्धन यांनी १९२५ मध्ये ‘फारसी-मराठी कोश’ सिद्ध केला आणि पुढे १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून परक्या शब्दांच्या विरुद्ध बाजू मांडली. एकाच विद्वानाने आधी शब्द गोळा करावेत आणि नंतर त्यांची पाठवणी करावयास निघावे, ही मौजेची गोष्ट आहे. शब्द मात्र गेले नाहीत. आपण तारीख घालतो, खर्च मांडतो, बाकी काढतो, हक्क सांगतो, वकील देतो. हे सारे शब्द मूळचे अरबी, फारसीच्या हाताला धरून आलेले. जमीन, सरकार, कागद हे फारसीचे. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यापासून न्यायालयाच्या फिर्यादीपर्यंत ते घरच्यासारखे नांदत आहेत.

याच काळात अब्दुल हक यांनी लिहिलेली व्यक्तिचित्रे ‘चंद हमअसर’ या पुस्तकात एकत्र झाली. सर सय्यद, हाली, मोहसिन-उल-मुल्क अशा थोरांच्या पंक्तीत त्यांनी खिडकीबाहेरच्या नामदेव माळ्यालाही बसविले. ज्या जातींना समाजाने अस्पृश्य म्हणून दूर ठेवले त्यांपैकी एका जातीत नामदेव जन्मला होता. मूलबाळ नव्हते; रोपांनाच तो लेकरे मानी. एका वर्षी अवर्षण पडले, विहिरी आटल्या, बागा करपल्या. पण नामदेवाच्या वाट्याची झाडे हिरवी राहिली, कारण तो रात्री-अपरात्री दुरून गढूळ पाण्याच्या घागरी वाहून आणीत होता. त्याबद्दल बक्षीस देऊ केले, ते त्याने घेतले नाही. आपलीच मुले वाढविल्याबद्दल कोणी इनाम घेते काय, असा त्याचा भाव अब्दुल हक यांनी टिपला आहे. एके दिवशी बागेत मधमाश्या उठल्या. इतर माळी पळाले. नामदेव कामात इतका गढलेला होता की त्याला भानच राहिले नाही, आणि माश्यांच्या दंशांनी त्याचा प्राण गेला. अब्दुल हक यांनी या मरणाला हुतात्म्याचे मरण म्हटले आहे. उर्दू शिकणाऱ्या मुलांच्या कितीतरी पिढ्यांनी हा धडा वाचला. मराठवाड्यातला हा माळी लाहोर-कराचीच्या शाळांतून ठाऊक आहे आणि आपल्याकडे फारसा ठाऊक नाही.

आता उस्मानिया विद्यापीठाची गोष्ट. सर्व उच्च शिक्षण देशी भाषेतून देणारे विद्यापीठ काढण्याचे निजाम सरकारने ठरविले आणि १९१७ साली त्यासाठी भाषांतरविभाग स्थापन केला. त्याचे पहिले प्रमुख अब्दुल हक. वैद्यक, रसायन, गणित, कायदा यांची पुस्तके उर्दूत आणावयाची म्हणजे प्रथम परिभाषा हवी. ती सगळी अरबीतून घ्यावी असे एक पक्ष म्हणे. उर्दूच्या देशी प्रकृतीला मानवतील असे शब्द घडवावेत असे दुसरा म्हणे. वहीदुद्दीन सलीम यांचा या दुसऱ्या पक्षाचा ग्रंथ १९२१ मध्ये अंजुमननेच छापला. इंग्रजीवाचून विज्ञान शिकविता येते हे या विद्यापीठाने दाखवून दिले, आणि देशी भाषांच्या अभिमान्यांनी त्याचे कौतुक केले ते योग्यच होते.

परंतु या नाण्याची दुसरी बाजू मराठवाड्याने सोसली आहे. निजामाच्या राज्यात उर्दू मातृभाषा असलेले लोक थोडे. तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारे बहुसंख्य. मराठी मुलाला प्राथमिक शाळा संपली की पुढची पायरी उर्दूची. उस्मानियाने ज्या विद्यार्थ्यासाठी ‘देशी’ भाषा आणली, त्याच्या घरातली भाषा ती नव्हती. मराठीच्या घडणीवर पुस्तक लिहिणाऱ्या या विद्वानाने मराठी मुलाच्या शाळेचा प्रश्न तितक्याच आस्थेने विचारात घेतला असे म्हणता येत नाही. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर विद्यापीठाचे माध्यम बदलले आणि भाषांतराचा तो सारा व्याप ओसरला.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले तेही मराठी प्रांतातच, नागपुरास. एप्रिल १९३६ मध्ये भारतीय साहित्य परिषदेचे अधिवेशन तेथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरले. देशाच्या सामायिक भाषेला ‘हिंदुस्तानी’ म्हणावे की ‘हिंदी-हिंदुस्तानी’ यावर वाद झाला. एका जोडशब्दाचा प्रश्न, पण अब्दुल हक यांना त्यात उर्दूला घराबाहेर काढण्याची चाहूल लागली. ते दुखावून परतले. पुढच्या वर्षी पाटण्यास राजेंद्रप्रसादांबरोबर त्यांनी समेटाचे संयुक्त निवेदन काढले खरे, पण मने जुळली नाहीत. १९३७ मध्ये त्यांचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश बाहेर पडला. त्याच सुमारास पुण्यात दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड पुरे होत आले होते. १९३८ साली अंजुमनने औरंगाबाद सोडले व दिल्लीच्या दर्यागंजात बिऱ्हाड केले. त्यानंतरचे अब्दुल हक संशोधकापेक्षा प्रचारकच अधिक झाले. गावोगाव व्याख्याने, शिष्टमंडळे, पत्रके. काळच तसा होता. परंतु मकबऱ्याच्या बागेतील त्या मेजापुढे बसून जे झाले, ते दर्यागंजात झाले नाही.

सप्टेंबर १९४७ च्या दंगलीत दिल्लीचे कार्यालय लुटले गेले. ग्रंथांची, कागदपत्रांची आणि वर्षानुवर्षे जमविलेल्या महाकोशाच्या साहित्याची अपरिमित हानी झाली. ज्याने १९१४ साली उर्दू ही या भूमीची लेक आहे असे व्याकरणाच्या आधाराने सांगितले, त्याला सत्तरी उलटल्यावर ही भूमी सोडून कराचीस जावे लागले. तेथे त्यांनी पुन्हा अंजुमन उभारली आणि १९४९ मध्ये उर्दू कॉलेज काढले. भारतातील अंजुमनही बंद पडली नाही. काझी अब्दुल गफार यांनी ती अलीगढला सांभाळली आणि १९७७ मध्ये दिल्लीत तिचे ‘उर्दू घर’ झाले.

कराचीतील एक प्रसंग वगळला तर हे चरित्र अपुरे राहील. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात बंगाली भाषेसाठी तरुणांनी गोळ्या झेलल्या. १९५४ साली बंगालीलाही राष्ट्रभाषेचा मान द्यावा असे पाकिस्तानच्या सत्ताधारी पक्षाने मान्य केले, तेव्हा त्याच्या निषेधार्थ कराचीत प्रचंड मिरवणूक निघाली आणि तिच्या अग्रभागी चौऱ्यांशी वर्षांचे अब्दुल हक होते. नागपुरास आपल्या भाषेच्या नावात एक शब्द जोडला गेला म्हणून ज्याच्या जिव्हारी लागले, त्याला ढाक्याच्या मुलांचे दुःख ओळखता आले नाही. भाषेवर प्रेम करणाऱ्या माणसाच्या हातून असे घडू शकते. सीमाभागातील, हैदराबादेतील मराठी माणसाला यावर अधिक काही सांगण्याची गरज नाही.

शेवटच्या वर्षांत संस्थेच्या कारभाऱ्यांशीच त्यांचे बिनसले, मनस्ताप झाला. तरी कोशाचा ध्यास सुटला नव्हता. १९५८ मध्ये कराचीत उर्दू महाकोशासाठी मंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्य संपादकपद त्यांच्याकडे आले. लुटल्या गेलेल्या चिठ्ठ्यांच्या जागी नव्या चिठ्ठ्या लिहावयास पुन्हा पहिल्या अक्षरापासून प्रारंभ झाला. १६ ऑगस्ट १९६१ रोजी ते निवर्तले आणि कराचीच्या उर्दू कॉलेजच्या आवारातच त्यांचे दफन झाले. कोशाचा पहिला खंड १९७७ मध्ये निघाला आणि बाविसावा, शेवटचा, २०१० मध्ये.